उद्याचा प्रसंग

सकाळी विचार करायचा नाही आणि संध्याकाळी लिहायचं नाही, असा आमच्या घरात नियम होता. नियम माझ्या कादंबऱ्यांसाठी, पण तो घातला आमच्या यांनी. नवऱ्याचं नाव घ्यायची सवय मला लग्नात उखाण्यापुरती लागली आणि तिथेच सुटली, त्यामुळे इथेही ते 'हे'च राहतील. हे कारखान्यात देखभाल विभागात होते. यंत्र उघडायचं तर कुठला नट आधी आणि कुठला मागून ते आदल्या दिवशी ठरलेलं पाहिजे, आणि एकदा उघडलं की मग विचार करत उभं राहायचं नाही, हात चालवायचे, ही त्यांची शिस्त. मी पहिली कादंबरी लिहायला घेतली तेव्हा सकाळची सकाळ नारळांच्या शेंड्यांकडे बघत बसायचे. एकदा कामावर निघता निघता हे दारात थांबले आणि म्हणाले, "तू आधी यंत्र उघडून ठेवतेस आणि मग पाना शोधायला जातेस."

मला राग आला होता. कादंबरी म्हणजे काय तुमचा पंप आहे का, असं मी म्हणाले. पण त्या संध्याकाळी किहीमच्या किनाऱ्यावर फिरताना मी त्यांना दुसऱ्या दिवशी काय लिहायचंय ते सांगून बघितलं, आणि सकाळी बसले तर दूधवाला येईपर्यंत पेन थांबलं नाही. मग तीच पद्धत पडून गेली. सकाळ लिहिण्याची, संध्याकाळ ठरवण्याची. ठरवण्याला आम्ही 'उद्याचं' म्हणायचो. वाडीचं फाटक ओढून घेतानाच हे विचारायचे, "काय गं, उद्याचं काय?"

मी सांगत सुटायचे. कोण कुठे उभं आहे, कोणाला काय माहीत आहे, कोण काय लपवतंय, आधी कोण बोलतं. हे मान खाली घालून चालायचे आणि मध्येच थांबायचे. थांबले की समजायचं, काहीतरी अडलं. "तिचे हात पिठात आहेत म्हणालीस, मग दाराची कडी कोणी काढली?" किंवा, "तो इतका रागावलाय तर जेवायला का बसला?" मी चिडायचे, वाद घालायचे, सुरूच्या बनापर्यंत जाऊन परत येईस्तोवर आमचं जुंपलेलं असायचं. मुंबईहून शनिवार-रविवार आलेली माणसं आमच्याकडे वळून बघायची. त्यांना वाटत असेल, हे जोडपं इस्टेटीवरून भांडतंय.

लिहिलेलं पान मात्र यांनी कधी वाचायला मागितलं नाही. पुस्तक छापून आलं की आरामखुर्चीत बसून सलग वाचायचे. "मी ठरवण्यापुरता. लिहिणं तुझं, त्यात माझी लुडबुड नको," म्हणायचे. मला ते फार आवडायचं. माझ्या सकाळीत दुसरं कोणी नसायचं, आणि माझ्या संध्याकाळीत मी एकटी नसायचे.

यांचं आजोळ आगरदांड्याचं. लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या धक्क्यावर गेलेल्या, त्यामुळे तिथी सांगितली की पाणी किती वाजता कुठवर येईल ते यांच्या तोंडावर असायचं. मी घाटावरची. आमच्याकडे नदीला पाणी असतं किंवा नसतं, एवढंच. माझ्या दुसऱ्या कादंबरीत मी अष्टमीच्या दिवशी समुद्राला उधाण आणलं होतं. ते ऐकून हे वाळूत बसूनच हसले. "अष्टमीला भांग असतो, बाई. पाणी चढायचंही नाही आणि उतरायचंही नाही धड. तुझ्या गावात चंद्र रजेवर गेलाय का?" त्यानंतर त्यांनी माझ्याकडून भरती-ओहोटी अशी घोटून घेतली, की पुढे ती चूक माझ्याकडून झोपेतही होणार नाही.

आताची कादंबरी आगरदांड्याचीच होती. खाडी ओलांडून दिघीला जाणाऱ्या लाँचवरचा एक माणूस आणि त्याची बायको. निम्मी झाली होती. तो माणूस मरणार हे पहिल्यापासून ठरलेलं होतं, प्रश्न होता कधी. मला तो अगदी शेवटी मारायचा होता. एका संध्याकाळी हे चालता चालता थांबले आणि म्हणाले, "शेवटी मारलास तर लोक रडतील आणि पुस्तक मिटवून ठेवतील. मध्येच जाऊ दे त्याला. मग तिचं पुढे काय, ते तुला लिहावं लागेल."

मी म्हटलं, "हे फार अवघड आहे हो."

"म्हणून तर," हे म्हणाले.

त्याच आठवड्यात यांना झटका आला. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली. अलिबागच्या दवाखान्यातून पुढे मुंबईला, तिथून पुन्हा घरी. हळूहळू पाय हलायला लागला. काठी घेऊन, एक खांदा माझ्यावर टाकून हे चालायला लागले. हात लुळाच राहिला. शब्द एकही परत आला नाही. आवाज यायचा, पण त्याला आकार नसायचा, आणि तो ऐकून त्यांचे त्यांनाच इतके कष्ट व्हायचे की पुढेपुढे त्यांनी तोही काढणं सोडलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं नाही. पण किती समजतं ते आत्ता सांगता येणार नाही. मान हलवण्यावर जाऊ नका, मान कधी उलटीसुद्धा हलते."

किती समजतं, या एका प्रश्नाभोवती माझं घर फिरायला लागलं. जेव म्हटलं की जेवायचे, पण ताट समोर आलं की कोणीही जेवतं. ऊठ म्हटलं की उठायचे, पण मी हात पुढे केलेला असायचा. मी रोज त्यांच्याशी बोलायचे. वालाला शेंगा धरल्या, मोटर बिघडली, लेकीचा फोन आला. फक्त एक गोष्ट मी त्यांना सांगत नव्हते, ती म्हणजे 'उद्याचं'. मला भीती वाटत होती. मी एखादा प्रसंग सांगितला, कोण कुठे उभं आहे ते सगळं नीट सांगितलं, आणि हे नुसते समुद्राकडे बघत राहिले तर? मग मला कळलं असतं की माझ्याबरोबर इतकी वर्षं ज्याने किनारा तुडवला तो माणूस आता नाही. जोपर्यंत सांगितलं नव्हतं, तोपर्यंत तो असण्याची शक्यता होती. ती मला घालवायची नव्हती.

म्हणून मी एकटीच ठरवायला लागले, आणि तेही सकाळी. नियम मोडला. पुठ्ठ्याचे चौकोन कापून आणले, एकेका चौकोनावर एकेक प्रसंग लिहिला आणि ते जेवणाच्या टेबलावर मांडायला लागले. तो माणूस बुडतो, असा एक चौकोन होता. तो मी पुढे सरकवायचे. मग त्याच्याआधी दोन नवे प्रसंग लागतात असं माझ्या लक्षात यायचं. मग त्या दोनांमुळे मागचे चार बदलायला हवेत असं. एकदा मी त्या माणसाला मुंबईला नेऊन परत आणला. एकदा तो वाहून गेला आणि श्रीवर्धनकडच्या मासेमाऱ्यांना जिवंत सापडला. टेबल इतकं भरून जायचं की आम्हाला जेवायला ओसरीवर बसावं लागायचं. फोनवर लेक विचारायची, "लिखाण कसं चाललंय?" मी म्हणायचे, "जोरात." आणि कादंबरीचं एक वाक्य पुढे सरकलेलं नसायचं. न लिहिण्याचे पुष्कळ प्रकार असतात, त्यांत आराखडा करणं हा सगळ्यात सभ्य. कोणी तुम्हाला आळशी म्हणू शकत नाही.

थंडी सरत आली तेव्हा हे किनाऱ्यापर्यंत चालू लागले. ओहोटीला ओली वाळू घट्ट असते, तिथे काठी रुतत नाही. मी वेळ बघून न्यायचे. फाटक ओढून घेताना मला रोज वाटायचं, आता विचारतील. मग आम्ही न बोलता चालायचो. एका सुकून आडव्या पडलेल्या सुरूच्या खोडावर टेकायचो आणि परत फिरायचो.

एक दिवस मी ठरवलं की याचा सोक्षमोक्ष लावायचा. कशाने धीर आला ते आठवत नाही. बहुतेक धीर नव्हताच, कंटाळा होता, रोज भ्यायचा कंटाळा. पण सरळ प्रसंग सांगायची तरीही छाती होईना. म्हणून मी एक युक्ती काढली. खोडावर बसल्यावर मी म्हणाले, "अहो, उद्याचं ऐका. अष्टमीची संध्याकाळ आहे. समुद्राला उधाण आलंय. धक्क्याच्या अगदी वरच्या पायरीवर पाणी खेळतंय, आणि ती तिथे उभी राहून लाँचची वाट बघतेय."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. एवढी मोठी चूक, आणि तीही त्यांच्या धक्क्यावर. जरा जरी समजत असेल तर भुवई हलेल, हात उचलतील, हसतील, काहीतरी होईल. यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्या नजरेत मला काही वाचता आलं नाही. मग त्यांनी मान वळवली, काठी वाळूत टेकली आणि माझा हात न धरताच उठायला लागले.

घरी येऊन मी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून रडले. यांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला होता. ज्यांना काहीच समजत नाही असं मी आत्ता आत्ता ठरवून आले होते, त्यांच्यापासून मी रडणं लपवत होते. तेव्हा ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचा शिकवणारी मुलगी आली. ती आठवड्यातून दोनदा अलिबागहून यायची. गोड मुलगी, यांना काका म्हणायची. तिच्याकडे चित्रांचे पत्ते असत. कप, चावी, छत्री, गाय. ते पलंगावर मांडून ती विचारायची, "काका, छत्री कुठाय?" आणि हे डाव्या हाताने दाखवायचे. बहुतेक वेळा बरोबर. यंत्रांची उलथापालथ केलेला माणूस गाय दाखवताना बघून मला कसंतरी व्हायचं, पण हे निमूटपणे सगळं करायचे.

त्या दिवशी ती म्हणाली, "काका, चावी?" हे हलले नाहीत. तिने पुन्हा विचारलं. मग यांनी डावा हात पुढे केला आणि एकेक पत्ता उचलायला लागले. बोटांतून निसटत होता, पुन्हा उचलत होते. सगळे गोळा केले. मी पलंगाच्या पायथ्याशी खुर्चीवर होते. पुढे वाकून, तोल सावरत, त्यांनी ते सगळे पत्ते माझ्या मांडीवर ठेवले. आणि माझ्याकडे बघितलं. कालच्यासारखंच.

मुलगी हसली. "काकू, आज काकांना वाटतंय तुम्हीच परीक्षा घ्यावी."

तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. मला मात्र कळलं. यांना समजलं होतं. उधाण समजलं होतं, अष्टमी समजली होती, आणि ती चूक माझ्याकडून आता होणं शक्य नाही हेही समजलं होतं. मी प्रसंग सांगत नव्हते, गाय दाखवा म्हणत होते. दवाखान्यातल्या लोकांनी विचारलं, या मुलीने विचारलं, ते त्यांनी सोसलं. माझ्याकडून त्यांना ते सोसेना. ते रागावले होते, आणि त्यांच्याजवळ राग सांगायला एक शब्द नव्हता.

मला आयुष्यात इतका आनंद क्वचित झाला असेल, आणि इतकी लाजही कधी वाटली नसेल. दोन्ही एकदम आलं. मी त्या मुलीसमोरच यांचा हात धरून म्हणाले, "चुकलं माझं." त्यांनी हात सोडवून घेतला. जिवंत माणसाचा राग होता तो. मला त्याचंही बरं वाटलं.

त्यानंतर हे फिरायला येईनात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई संध्याकाळी मला हाक मारायच्या, "वहिनी, साहेब उठायलाच तयार न्हायत. मी काठी देते हातात, ते खाली ठेवतात. दुखतंय का काय बघा." मी म्हणायचे, "दुखत नाहीये. माझ्यावर रागावलेत." बाई म्हणायच्या, "मग व्हय. मग बसू द्या," आणि तांदूळ निवडायला जायच्या. मी टेबलावरचे चौकोन उचलून ठेवून दिले. आम्ही पुन्हा टेबलावर जेवायला लागलो. यांचा रुसवा असाच काही दिवस चालला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात चालायचा तसा, तेव्हा निदान दारं आपटता यायची.

मग एका संध्याकाळी मी न बोलता चपला घातल्या आणि पाहिलं तर हे काठी धरून ओसरीच्या पायरीशी उभे होते.

खोडापर्यंत गेलो. मी बसल्यावर म्हणाले, "आज काही तपासत नाहीये. मला खरंच अडलंय." हे ऐकत होते. मी सांगायला लागले. मी कसे चौकोन मांडत बसले, त्या माणसाला किती वेळा बुडवायला निघाले आणि किती वेळा काठाला लावला. "मला तो मारायचा नाहीये हो. तुम्ही म्हणाला होतात मध्येच जाऊ दे, पण तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आता मी तिचं पुढचं लिहू शकत नाही. तो परत आला तर काय बिघडेल? एका पुस्तकात एक माणूस परत आला तर कोणाचं काय जाणार आहे?"

माझा आवाज चढला होता. लांब कोणाचीतरी मुलं वाळूत किल्ला करत होती, ती बघायला लागली. यांनी डाव्या हाताने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. मग काठी रोवली आणि उभे राहिले. मी आधार द्यायला उठले तर त्यांनी काठी अंगाला टेकवून डाव्या हाताने मला खाली बसवलं. मी बसले.

हे एकटे चालायला लागले. उजवा पाय ओढत, ओल्या वाळूवर एक लांब ओरखडा काढत, माझ्यापासून दूर. डॉक्टरांनी एकटं चालू देऊ नका म्हणून बजावलं होतं. तरी मी हलले नाही, कारण त्यांनी मला बसवलं होतं. ते थोडं पुढे गेले आणि पाठ करून थांबले. वाऱ्याने त्यांचा सदरा फुगला होता. मग ते सावकाश, पायाभोवती काठी फिरवत वळले आणि त्यांनी डावा हात काठीसकट उचलला. तोल जातोय की काय असं वाटलं. काठी माझ्याकडे रोखलेली होती. स्वतःकडे नाही, समुद्राकडे नाही. खोडावर बसलेल्या माझ्याकडे.

मला समजलं. जाणारा माणूस जातो, त्याचं लिहायला फारसं काही नसतं. जी बघत बसलीये तिचं लिही. कादंबरीपुरतं ते अगदी बरोबर होतं, इतक्या महिन्यांत मला जे सुचलं नाही ते त्यांनी दहा पावलांत ठरवून दिलं होतं. पण त्यांना ते फक्त कादंबरीपुरतं म्हणायचं नव्हतं, हेही मला समजलं, आणि मी धावत जाऊन त्यांना धरलं. परत येताना मी त्यांना वाटेल ते बोलले. पडला असतात म्हणजे, हाडं मोडली असती म्हणजे. हे माझ्या खांद्यावर भार टाकून शांतपणे चालत होते.

रात्री मी कुठलाही चौकोन काढला नाही. ठरवायचं काही उरलंच नव्हतं.

सकाळी बसले. त्या माणसाला लाँचवर चढवला, चार ओळींत भर खाडीत नेला, आणि तो दिसेनासा झाला. मग ती धक्क्यावर उभी राहिली. तिचं लिहायला लागले. तिने हातातली पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली. तिने ओळखीच्या माणसाला वेळ विचारली, आणि त्याने सांगितलेली वेळ तिला ऐकू आली नाही. पान भरलं, दुसरं भरलं. दूधवाला येऊन गेला, बाई आल्या, मागीलदारी भांड्यांचा आवाज झाला. मी लिहीत होते. मधूनमधून मनात येत होतं की आता फार वेळ झाला, आता हे ओसरीवरून हाक मारतील, "अगं, पुरे की," म्हणतील, आणि मग मी उठेन. हाक येईना, म्हणून मी लिहीतच राहिले. ऊन टेबलावर आलं, पेन खाली ठेवलं, आणि तेव्हा मला आठवलं की हाक येणार नव्हती.